दुसऱ्यासाठी मागा

लग्न होऊन साताऱ्याहून म्हैसूरला आले तेव्हा चामराजपुरमच्या आमच्या गल्लीत मराठी घरं बरीच होती, पण त्यांची मराठी कळायला मला वर्ष लागलं. माझ्या सासरचे पूर्वज राजाच्या फौजेत होते, समोरच्या ओळीतले लोक पूर्वीचे रंगारी. आता कुणी बँकेत, कुणी मेटगळ्ळीच्या कारखान्यात. वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि कन्नडात संपायचं. मी बोलले की बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. “ही रेडिओवाणी बोलते की ग!”

गल्लीत ट्रस्ट काढायचा विषय निघाला आमच्या इस्त्रीवाल्यामुळे. पावसात स्कूटरने उडवलं आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं. तो आमचा ना नात्याचा ना भाषेचा, पण गल्लीतल्या प्रत्येक लग्नातले कपडे त्याच्याच हातचे. माझ्या आत्येसासूबाई, म्हणजे सगळ्यांच्या आत्याबाई, शाळेच्या हेडमिस्ट्रेस म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांनी पितळी डबा उचलला आणि मला घेऊन त्या दारोदार फिरल्या. त्यांना नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. अर्ध्या गल्लीने त्यांच्या हातच्या छड्या खाल्ल्या होत्या.

डबा भरला. पण तिकडे हाडांच्या डॉक्टरांनी फी घेतलीच नाही. “विद्यार्थी असताना याच्या इस्त्रीचे शर्ट घालून मी परीक्षेला बसलोय, तेही उधारीवर,” म्हणाले. इस्त्रीवाला काठी टेकत घरी आला, तेव्हा डब्यात पुष्कळच उरलं होतं. तो म्हणाला, “माझं झालं. बाकीचं ज्याचं त्याला द्या.”

आम्ही पुन्हा दारोदार. आता मात्र कुणी हात पुढे करेना. रंगाऱ्यांच्या घरातले एक आजोबा चिडलेच. “देवाच्या हुंडीत टाकलेलं कुणी परत घेतं का ओ?” एका बाईने तर आम्हाला लांबून पाहून दार लावून घेतलं. वर्गणी मागायला आलेल्यांना टाळणारे लोक मी साताऱ्यात पाहिले होते. परत द्यायला आलेल्यांना टाळणारे इथेच पाहिले.

शेवटी सगळे आमच्या हॉलमध्ये जमले. आत्याबाई म्हणाल्या, “पैसे सुम्मने, उगीच, पेटीत ठेवून काय करायचं? ट्रस्ट करूया. दर वर्षी थोडं थोडं घालायचं, अडलेल्याला द्यायचं.”

याला सगळे हो म्हणाले. भांडण झालं ते नावावरून. फौजवाल्यांना नावात एखादा वीर हवा होता, रंगाऱ्यांना त्यांची कुलदेवी. आवाज चढले, कॉफी निवली. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर कन्नडिग. ते हळूच कन्नडात म्हणाले, “डब्यात आम्ही पण घातले होते, नाही का?”

आत्याबाईंनी एकवार सगळ्यांकडे बघितलं. “गल्लीचंच नाव द्यायचं. जात नको, भाषा नको. आय्तु.” आय्तु म्हणजे झालं. त्यांनी आय्तु म्हटल्यावर पुढे कुणी बोलत नसे.

सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत कारकुनाने ट्रस्टचा उद्देश विचारला. “शेजार,” आत्याबाई म्हणाल्या. तो म्हणाला, हा उद्देश होऊ शकत नाही. वकिलांनी त्या एका शब्दाचा पानभर मजकूर केला, तेव्हा कुठे शिक्के पडले. त्या दिवशी आम्ही गल्लीभर मैसूरपाक वाटला आणि दारावर पाटी लावली: मदत हवी असणाऱ्यांनी संध्याकाळी यावे.

कुणीही आलं नाही.

एक महिना गेला, दुसरा गेला. संध्याकाळी आम्ही सतरंजी घालून बसायचो आणि कॉफी पिऊन उठायचो. “गल्लीतलं दुःख संपलं की काय?” आत्याबाई वैतागून म्हणायच्या. ते संपलं नव्हतं, हे मला नळावर कळत होतं. पण देताना ज्यांचा हात पटकन पुढे येई, त्यांचाच मागताना वर उठत नव्हता.

मग एका सकाळी आम्ही स्वयंपाकघरात असताना दोशाचं पीठ विकणारी बाई मागच्या दाराने आत आली. “मला काही नको हां,” तिने आधीच सांगून टाकलं. “पण समोरच्या पोरीला नर्सिंगला जागा मिळालीय. आईने दूध बंद केलंय फीसाठी. मी सांगितलं म्हणून सांगू नका.”

आत्याबाईंचा झारा हातातच राहिला. “ती आई स्वतः येऊन मागेल?”

“जन्मात नाही.”

“आणि तू तिच्यासाठी आलीस!”

त्याच संध्याकाळी नियम बदलला. स्वतःसाठी कुणी मागायचं नाही, दुसऱ्यासाठी मागायचं. पाटी दोन्ही भाषांत नव्याने रंगवली. मराठी ओळ माझ्याकडून लिहून घेतली, रेडिओसारखी.

आणि काय सांगू, रांग लागली! गल्लीतल्या कुजबुजीला पहिल्यांदाच काही काम मिळालं. कुणाचं छप्पर गळतंय, कोण औषधाची अर्धीच गोळी घेतंय, सगळं आमच्या सतरंजीवर येऊ लागलं. पोस्टमास्तर आले ते त्यांच्या भाडेकरूंसाठी. पिरियापट्टणहून आलेलं जोडपं, बायकोला आठवा महिना आणि घरात मोठं कुणी नाही. तिथे पैसे नको होते, माणसं हवी होती. आम्ही बायकांनी पाळ्या लावल्या.

एका बैठकीत दोशाच्या पिठाची बाई पुन्हा उभी राहिली. “आज मी आत्याबाईंसाठी मागते. त्यांना दिसत नाही.”

मी चमकले. उपमा मध्येच खारट का होतो आणि कागद हल्ली मला का वाचायला लावतात, ते मला तेव्हा उमगलं. एका घरात राहून मला कळलं नव्हतं.

“बेडा!” आत्याबाई कडाडल्या. “नको म्हणते ना! मला पेन्शन आहे.”

पोस्टमास्तर शांतपणे म्हणाले, “पैसे कोण देतंय, मेडम? दवाखान्यात सोबत देतोय. आणि नियम तुमचाच. त्यात नको म्हणायचं कलमच नाही.”

त्या रागाने लाल झाल्या, मग त्यांचा ओठ हलला, आणि त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. “ऑपरेशनची भीती वाटते ग,” नंतर आत त्या मला म्हणाल्या, अगदी लहान आवाजात. मी त्यांचा हात धरून बसले.

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं पार पडली. थेंब घालायला गल्लीतून पाळीपाळीने माणसं येत, आणि प्रत्येकाला शुद्धलेखन विचारून त्या पिडत. पट्टी निघाल्यावर घरी येऊन त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं, “अय्यो, भिंती इतक्या मळल्यात आणि मला कुणी सांगितलं नाही?”

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ट्रस्ट चालू आहे. गल्लीच्या टोकाला फ्लॅट झालेत, पुण्याकडची तरुण मुलं राहायला येतात. ती विचारतात, “काकू, फॉर्म कुठे मिळेल?” मी म्हणते, फॉर्म नाही, शेजाऱ्याविषयी सांगा. त्यांचा चेहरा पडतो. शेजारी कोण राहतं तेच त्यांना ठाऊक नसतं.

“मग आधी त्यांच्या घरी कॉफी पिऊन या,” मी सांगते. बहुतेक जण परत येतात, शेजाऱ्यासाठी मागायला.