न धुतलेली जर्सी

कप्तान वारला तेव्हा आमच्या भागात ज्याच्या त्याच्या तोंडून त्याची एकेक आठवण निघायला लागली. न्हाव्याला आठवलं, एवढा मोठा खेळाडू, पण कधी रांग मोडून खुर्चीत बसला नाही. शाळेच्या शिपायाला आठवलं, की त्याने एकदा नावानिशी हाक मारली होती. माझ्या शेजारणीचा गॅसचा सिलिंडर तर म्हणे त्याने तीन जिने चढून वर नेऊन दिला. ही शेजारीण जन्मापासून तळमजल्यावर राहते. गेलेल्या माणसाने आणखी एक सिलिंडर उचलला तर आपलं काय जातं?

माझी थोरली जाऊ मात्र गप्प होती. खरं तर सगळ्यांत जास्त तिला आठवायला हवं होतं. कप्तान ज्या फुटबॉल क्लबातून खेळायचा, त्या क्लबचे कपडे तिने एकतीस वर्षं धुतले. त्यातली बारा वर्षं मी तिच्या हाताखाली होते. घरात आम्ही सगळे तिला थोरली म्हणतो आणि क्लबात ती सगळ्यांची मावशी.

आमची धुण्याची खोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली होती. छत तिरकं, खिडकी नाही. वर हजारो माणसं बसायची आणि खाली आम्ही दोघी. सामना असा आम्ही कधी पाहिलाच नाही. गोल झाला की वर लोक नाचायचे आणि छताची माती आमच्या टाकीत पडायची. थोरली म्हणायची, "झाला बघ गोल. बदल पाणी." गोलाचं आम्हाला कौतुक ते एवढंच.

बाई कामाला कडक. गवताच्या डागाला गार पाणी, रक्ताच्या डागाला गार पाणी, गरम पाणी फक्त मॅनेजरच्या चहाला, असं ती म्हणायची. कोणाची जर्सी कोणती, यात तिची कधी चूक झाली नाही. प्रत्येक खेळाडूसाठी वेगळ्या रंगाचा धागा असायचा. जर्सीच्या खालच्या शिवणीत आतल्या बाजूने ती तीन उलटे टाके घालायची. कप्तानाचा धागा लाल. निळा धागा तिच्या स्वतःच्या मुलाचा.

हा मुलगा म्हणजे आमचा लांब्या. तिचा एकुलता एक. उंचीने, खांद्याने अगदी कप्तानासारखा, पाठमोरा उभा राहिला तर मीसुद्धा फसायची. तो त्याच क्लबात राखीव खेळाडू होता. राखीव म्हणजे बाकावर बसायचं आणि कोणाचा पाय मोडतो का याची वाट बघायची.

कप्तानाचं नाव झालं ते खेळामुळे, पण घराघरांत पोचलं ते जर्सीमुळे. आपल्या मैदानावर सामना जिंकला की तो आत जायचा आणि घामाने भिजलेली नऊ नंबरची जर्सी हातात घेऊन बाहेर यायचा. मग ती कोणालातरी द्यायचा. आजारी माणसाला, गरिबाला, लहान पोराला. लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. अंगातली काढून दिली हो, असं म्हणायचे.

अंगातली होती हे खरं, पण त्याच्या अंगातली नव्हती. ज्या जर्सीत आपण जिंकलो ती दुसऱ्याला दिली तर नशीब तिच्याबरोबर जाईल, अशी त्याला भीती. त्या सगळ्या तो घरी पेटीत ठेवायचा. याबद्दल मी त्याला नावं ठेवत नाही, भीती कोणाला नसते? पण मॅनेजरने तोड काढली. दुसरी एक नऊ नंबरची जर्सी लांब्याला घालायला द्यायची, वरून जॅकेट. आणि अख्खा सामनाभर त्याने मैदानाच्या कडेने धावायचं. बघणाऱ्याला वाटावं, पोरगा अंग गरम करतोय. "घाम खरा पाहिजे," मॅनेजर थोरलीला म्हणाला होता. "लोक हुंगून बघतात."

तीन वर्षं लांब्या असा धावला. मैदानात उतरला एकदाच, तोही शेवटची सहा मिनिटं. सामना संपला की खाली आमच्या खोलीत यायचा, जॅकेटची चेन खाली ओढायचा आणि हसायचा. "काकू, आज मीपण नऊ नंबर होतो. फक्त चेन लावलेली होती." मग जर्सी काढून मॅनेजरच्या हातात द्यायचा आणि उघड्या अंगाने आमच्या बादल्या भरून द्यायचा.

चोविसाव्या वर्षी काविळीने गेला. पंधरा दिवसांत.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीने त्याचे सगळे कपडे धुवायला काढले. चादर, उशीचा अभ्रा, मोजे, रुमाल, काही म्हणून ठेवलं नाही. हातांना तीच सवय. मी म्हटलं, "अहो जाऊबाई, राहू द्या आज." तिने ऐकलं नाही. कपडे वाळले, घड्या झाल्या, कपाटात गेले. चार दिवसांनी ती कपाट उघडून एकेक शर्ट तोंडाशी धरायला लागली. सगळ्यांना साबणाचाच वास. अख्ख्या घरात पोराचा वास असलेली एक चिंधी उरली नव्हती. ती खाली बसली आणि म्हणाली, "धाकटे, मी त्याला धुऊन टाकला गं."

एवढं एकच वाक्य. पुढे चाळीस वर्षं त्यावर बोलली नाही.

आठव्या दिवशी कप्तान भेटायला आला होता. बरोबर फोटोवाला होता. दहा मिनिटं बसला, थोरलीचा हात हातात धरला. तो फोटो अजून क्लबात लावलेला आहे. आता लोक सांगतात की तो दिवसभर बसला आणि जेवला नाही. मॅनेजर जाताना दारात थांबून मला हळूच म्हणाला, "आता दुसरी जर्सी कोणाला घालायची? तुमच्या बघण्यात आहे का कोणी तेवढ्या अंगाचा?"

तर कप्तान गेल्यावर क्लबाने ठरवलं, त्याच्या नावाची एक खोली करायची. ज्याच्याकडे जे असेल ते घेऊन या, म्हणून सगळ्यांना बोलावलं. आम्हा दोघींना जुनी माणसं म्हणून पुढच्या खुर्च्या दिल्या. लोक एकेक करून उठले आणि बोलले. कोणाकडे तिकीट, कोणाकडे सही. मग घड्याळं दुरुस्त करणारा एक म्हातारा उठला. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत जर्सी. त्याची मुलगी तेव्हा दवाखान्यात होती, पाय मोडला होता, तिला कप्तानाने दिलेली.

"चाळीस वर्षं झाली," तो म्हणाला, "एकदाही पाण्यात घातली नाही. त्याचा घाम आहे हो त्यात!"

जर्सी हातोहात फिरली. काहींनी कपाळाला लावली. थोरलीच्या हातात आली तशी तिने आधी खालची शिवण उलटून पाहिली. एवढी वर्षं झाली तरी हात आधी तिथेच गेला. मीही वाकून पाहिलं. निळा धागा. तीन उलटे टाके.

थोरलीने तोंड त्या जर्सीत खुपसलं ते बराच वेळ वर केलंच नाही. लोकांना वाटलं, मावशींना कप्तानाचा उमाळा आला. कोणीतरी फोटो काढला. शेवटी सेक्रेटरीने हळूच तिची बोटं सोडवली आणि जर्सी म्हाताऱ्याकडे परत दिली; खोली तयार होईपर्यंत वस्तू ज्याच्या त्याच्याकडेच राहणार होत्या.

घरी येताना मी म्हटलं, "चाळीस वर्षांनी कसला वास राहतोय? कपाटाचा असेल."

"आहे," ती म्हणाली. "तू त्याची आई नाहीस."

दोन दिवसांनी आम्ही त्या घड्याळवाल्याच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे जिन्याखालची पेटीच. तो डोळ्याला भिंग लावून बसला होता. मावशी आल्या म्हणून खूश झाला, चहा मागवला. थोरलीने चहाला हात लावला नाही. सगळं सरळ सांगून टाकलं. जॅकेट, चेन, कडेने धावणं, धागा. सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

त्याने भिंग काढून ठेवलं. "बाई, माझ्याच दुकानात बसून मला हे सांगता? गेलेल्या माणसाबद्दल असं बोलवतं तरी कसं?"

"मीपण गेलेल्या माणसाबद्दलच बोलतेय, भाऊ."

"काय पुरावा?"

"आणा ती जर्सी."

जर्सी दुकानातच होती, गल्ल्याच्या खणात. त्याने शिवण उलटली, भिंग पुन्हा लावलं. बघितलं. "कारखान्यात निळा धागा नसतो का?"

"असतो. उलटे टाके नसतात."

तो पुष्कळ वेळ भिंगातून बघत राहिला. बारीक कामाचा माणूस, हाताने घातलेला टाका त्याला कळणार नाही असं नव्हतं. थोरली म्हणाली, "नाव तुमच्या कप्तानाचंच राहू दे. मी कुठे बोलणार नाही. मला फक्त कापड द्या. धुवू नका, झटकू नका, आहे तसं द्या."

"माझी पोरगी तीन महिने ही उशाशी घेऊन झोपली," तो म्हणाला. "तिला काय सांगू मी? जा तुम्ही."

आम्ही निघालो. थोरली आठ दिवस नीट जेवली नाही. माझ्यावर उगाच चिडायची, भाजीत मीठ जास्त, पंख्याचा आवाज जास्त. मी समजून होते. काहीच नसतं तर माणूस गप्प राहतं. आहे आणि मिळत नाही, हे वाईट.

नवव्या दिवशी घड्याळवाल्याच्या सुनेचा फोन आला. "बाबा म्हणाले, मावशींना सांग, येऊन घेऊन जा. बाबांनासुद्धा झोप नाही हो इतके दिवस."

थोरलीने त्या दिवशी वेणी दोनदा घातली. वाटेत इतकी भरभर चालली की मला म्हणावं लागलं, "अहो, ब्याऐंशी वर्षांच्या आहात, विसरलात का?"

सून चांगली मुलगी. हसून दार उघडलं, आम्हाला बसवलं, सासऱ्यांना हाक मारली. मग आतून एक ताट आणलं. ताटात रंगीत कागदाचं पाकीट. थोरलीने कागद सोडला. आत जर्सी. पांढरी स्वच्छ, कडक इस्त्रीची.

"किती पिवळी पडली होती!" सून म्हणाली. "मोठ्या माणसांना अशी कशी द्यायची, म्हणून दोनदा भिजवली. काखेतले डागसुद्धा निघाले बघा."

म्हाताऱ्याने ते ऐकलं आणि दाराची चौकट धरली. चाळीस वर्षं त्यानेही जपली होती की. "अगं, काय केलंस हे? तुला कोणी सांगितलं होतं—"

"तिला ओरडू नका," थोरली म्हणाली. "दुसऱ्याला द्यायचं कापड धुऊनच द्यायचं असतं. तुम्ही सांगितलं होतं का तिला, धुवू नको म्हणून?"

त्याने मान हलवली. नव्हतं सांगितलं. सांगायला गेलं तर का ते सांगावं लागलं असतं, आणि का ते त्याच्या तोंडातून निघत नव्हतं. सून बिचारी रडकुंडीला आली, आपलं काय चुकलं हेच तिला कळेना. थोरलीने जर्सी उजेडात धरली, गळपट्टी बघितली. "हात चांगला आहे गं तुझा," म्हणाली. जर्सी नाकाशी नेली नाही. कागदात परत गुंडाळली.

घरी आल्यावर मी खूप बोलले, त्या सुनेला, त्या म्हाताऱ्याला, वर गेलेल्या कप्तानालाही. ती एकदाही 'हो' म्हणाली नाही.

पुढच्या महिन्यात क्लबातल्या त्या खोलीचं उद्घाटन झालं. घड्याळवाल्याला बोलायला उभं केलं. मला वाटलं, आता हा खरं सांगेल. तो आमच्याकडे बघत नव्हता. म्हणाला, कप्तानाने मला द्यायला शिकवलं. त्याने अंगातली जर्सी माझ्या मुलीला दिली, आणि मी ती आपल्या क्लबच्या गरीब धुणाऱ्या मावशींना दिली. देणं असं पुढे जात राहतं.

टाळ्यांनी छत हललं. मी थोरलीचा हात दाबला.

सेक्रेटरी लगेच माईक घेऊन आला. "मावशी, दोन शब्द. कप्तानाची एखादी आठवण."

थोरली उठली. माईक तिने उलटा धरला, त्याने सरळ करून दिला. ती आता काय बोलेल याचा मलाही अंदाज नव्हता.

"तुमच्यापैकी," ती म्हणाली, "आणखी कोणाकडे आहे का? कप्तानाने दिलेली, न धुतलेली?"

दोनतीन जण हसले. मागून एकाने हात वर केला. "माझ्याकडे होती मावशी, पण आईने दुसऱ्याच दिवशी भिजत घातली."

"आमच्या मोठ्या पोराने घालूनघालून फाडली."

"आमची सायकल पुसायला गेली, खोटं कशाला सांगू!"

हशा पिकला. ती प्रत्येकाकडे वळून बघत होती. कोणाला आणखी काही सांगायचं आहे का याची वाट बघत तशीच उभी राहिली. शेवटी न्हावी उठून म्हणाला, "अहो मावशी, तुम्ही धुवून देत असताना न धुतलेली कोण ठेवेल?"

पुन्हा हशा. सेक्रेटरीने प्रेमाने तिच्या हातातून माईक काढून घेतला आणि लोकांना म्हणाला, "बघा, या वयातसुद्धा मावशींना कामाचीच काळजी!"

आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.