शेडमागची बस

ताईचा राग आजचा नव्हता. शाळेत असताना तिने गणिताच्या बाईंना भर वर्गात सुनावलं होतं, "तुम्हाला समजावता येत नाही म्हणून आम्हाला मारता." तेव्हापासून तिची जीभ कधी म्यान झाली नाही. विमानतळाच्या लॉन्ड्रीत तिच्याबरोबर काम करणाऱ्या बायका तिला पाठीमागे 'तोफ' म्हणत. तिला ते ठाऊक होतं. "म्हणू देत," ती म्हणायची. "तोफेला धक्का मारून कुणी पुढे जात नाही."

लॉन्ड्री तळघरात होती. विमानातून उतरलेली पांघरुणं पोत्यांत कोंबून तिथे यायची. कशाला तेलाचा वास, कशावर चहा सांडलेला, कधी आत गुंडाळलेला लहान मुलाचा एखादा मोजा. मोठाल्या मशिनींतून धुऊन वाळून ती ताईच्या टेबलावर येत. ताई आणि समोरची बाई चार कोपरे धरायच्या, झटकायच्या, घडी घालायच्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करायच्या. दिवसभर वाफ, मशिनींचा घरघराट आणि हाताला चटके. माणसं हे पांघरूण घटकाभर अंगावर घेणार आणि पायाखाली टाकून उतरून जाणार, हे तिला माहीत होतं. तरी घडी वाकडी आली की ती पुन्हा उलगडायला लावायची.

एवढं झाल्यावर तिला एकच सुख हवं असे, ते म्हणजे बसमध्ये खिडकीशी जागा. दुपारी ड्यूटी सुटली की ती वर यायची. बाहेरच्या दारासमोरच शहराची बस उभी असायची. प्रवासी बॅगा ओढत बाहेर पडायचे, चार पावलांवर चढायचे आणि तासाभरात शहराच्या मधोमध, मोठ्या बाजारापाशी उतरायचे. ताई त्यांच्यातच बसून डुलक्या घेत घरी जायची.

एके दिवशी ती वर आली तर बस नाही, स्टॉपचा खांबही नाही. जमिनीत फक्त बोल्टची भोकं राहिली होती आणि शेजारी फुलझाडांच्या कुंड्या मांडल्या होत्या. भिंतीवर कागद चिकटवला होता, 'प्रवाशांच्या सोयीसाठी बसचा स्टॉप हलवण्यात आला आहे.' कुठे हलवला, ते मात्र लिहिलेलं नव्हतं. विचारत विचारत ती पार्किंग ओलांडून, कुंपणाच्या कडेकडेने, ट्रक धावणाऱ्या रस्त्यापलीकडे गेली, तेव्हा मालाच्या शेडमागे तिला तो खांब सापडला. ना छप्पर, ना बाक. खाली खडी, वर ऊन.

महिनाभर तिने दात-ओठ खाऊन ते सोसलं. मग एका दुपारी ती कामाच्या कपड्यांतच विमानतळाच्या ऑफिसात गेली.

"साहेब, ही सोय कुठल्या प्रवाशांची?"

साहेब तरुण होते, सभ्य होते. "ताई, बसमुळे दारासमोर कोंडी होत होती."

"आणि आता तिथे गाड्यांची रांग लागते, ती काय आरास आहे?"

"निर्णय वरून आलाय."

"वर म्हणजे कुठे? मी जिना चढते."

"वर म्हणजे..." साहेबांनी छताकडे पाहिलं. "वर."

"तुम्ही स्वतः कशाने येता?"

"गाडीने."

"मग एकदा दोन बॅगा घेऊन त्या शेडमागे जाऊन या. नंतर बोलू."

साहेबांनी फोन कानाला लावला. फोन वाजलेला नव्हता, हे ताईला स्पष्ट दिसत होतं.

ती खाली आली ती धुमसतच. आणि नेमकं तेव्हाच तिच्या कानावर ते पडलं.

टॅक्सींच्या रांगेत तिचा धाकटा भाऊ टॅक्सी लावायचा. आई गेली तेव्हा तो दुसरीत होता आणि ताई नुकती शाळा संपवून घरी बसलेली. तिनेच त्याला वाढवलं. डबा, अभ्यास, मार, माया सगळं तिच्या हातचं. गाडीच्या लायसन्सच्या परीक्षेत तो दुसऱ्यांदा नापास झाला, तेव्हा परीक्षकाशी भांडायला तीच गेली होती. आता त्याला पोट सुटलं होतं, टक्कल पडू लागलं होतं, मुलगी खांद्याला लागली होती, तरी ताईच्या तोंडी तो बारक्याच.

त्याच्यासमोर एक आजोबा आणि आजी उभे होते. आजोबांच्या पायाला पट्टी बांधलेली, आजींच्या हातात दोरीने बांधलेली जुनी बॅग.

"शहरात जायची बस कुठे मिळेल हो?" आजोबांनी विचारलं.

"बस?" बारक्या म्हणाला. "बस बंद झाली, आजोबा. महिना झाला. द्या ती बॅग इकडे."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बारक्या! बस कधी बंद झाली रे? मी रोज काय तुझ्या खांद्यावर बसून घरी जाते?"

तो दचकला. बॅग त्याच्या हातातच राहिली. "ताई, तू ह्यात पडू नकोस. धंद्याची वेळ आहे."

"खोटं बोलणं हा धंदा झाला? म्हाताऱ्या माणसांना फसवायला वाढवलं का तुला?"

बाकीचे टॅक्सीवाले हसू लागले. बारक्याचे कान लाल झाले. त्याने बॅग खाली आदळली. "जा आजोबा, ह्यांच्याबरोबर जा. उन्हात पाय तोडून घ्या."

ताईने बॅग ओढायला घेतली. खडीत बॅगेची चाकं अडत होती, आजोबा लंगडत होते, आणि ताई वाटभर विमानतळाला, साहेबाला आणि स्वतःच्या भावाला शिव्यांची लाखोली वाहत होती. बस मिळाली. जागेवर टेकल्यावर आजी तिला म्हणाल्या, "बाई, तुमचे उपकार झाले. पण जरा हळू बोला हो, आम्हाला ऐकू येतं."

दुसऱ्या दिवशी ड्यूटी सुटल्यावर ताई थेट बाहेरच्या दाराशी जाऊन उभी राहिली आणि लॉन्ड्रीत मशिनींवर आवाज चढवायची सवय असलेल्या गळ्याने ओरडली, "शहराची बस हवी असेल त्यांनी माझ्यामागे या!"

पहिल्या दिवशी तिघं आली. पुढच्या आठवड्यात रांगच लागली. "पाय उचला! विमान पकडताना पळत होतात ना?" ती मागे वळून ओरडायची. "अहो निळा शर्ट, फोन खिशात घाला, ट्रक तुमचा फोन बघून थांबणार नाही!" माणसं मुकाट्याने, शाळेच्या सहलीसारखी तिच्यामागे चालायची.

सिक्युरिटीवाल्याने तिला अडवलं. "बाई, इथे ओरडून माणसं गोळा करता येत नाहीत."

"मी कुठे गोळा करते? मी घरी चालले आहे. ही माणसं माझ्यामागे का येतात, ते त्यांना विचार."

त्याने रांगेकडे पाहिलं. रांगेने त्याच्याकडे पाहिलं. तो बाजूला झाला.

रविवारी बारक्या तिच्या घरी आला. ताईचा नवरा शिंपी. घरातच मशीन टाकून बसलेला, अबोल माणूस. त्याने चहा ठेवला. बारक्या बसलाच नाही.

"तुला काय मिळतं ह्यातून? मी सकाळपासून रांगेत उभा असतो. पाय सुजतात. नंबर लागतो तेव्हा तू येतेस आणि गिऱ्हाईक उचलून नेतेस."

"मी कुणाला उचलत नाही. माझ्यामागे येतात."

"सगळे म्हणतात, तुझ्या बहिणीला आवर. मी म्हटलं, ती कुणाच्या बापाला आवरत नाही. तर त्यांनी काय केलं माहीत आहे? माझा नंबर शेवटी ढकलला. रोज शेवटी. घरात तोंड दाखवायची लाज वाटते मला."

हे ताईला ठाऊक नव्हतं. तरी ती म्हणाली, "मग खरं सांगून गिऱ्हाईक मिळव. सांग, बस शेडमागे आहे, लांब आहे, टॅक्सी दारात आहे. ज्याला चालणं झेपणार नाही तो बसेल."

"खरं सांगून कोण बसतं?"

"तर मग तुझा धंदा लबाडीवर चालतो असं तूच म्हणतोस."

बारक्याने चपला पायात सरकवल्या. "पुन्हा ह्या घरात पाऊल टाकणार नाही," तो म्हणाला आणि निघून गेला.

"चहा तरी पिऊ द्यायचास," नवरा म्हणाला.

"तुम्ही बाही लावा ती नीट!" ताई कडाडली. त्या संध्याकाळी तिने भांडी अशी घासली की शेजारच्यांनी भिंतीवर थापा मारल्या.

त्यानंतर रोज दोघं एकमेकांसमोरून जायची. ती रांग घेऊन पुढे, तो टॅक्सीला टेकून पाठमोरा.

असे कितीतरी दिवस गेले, आणि मग एका दुपारी बस आलीच नाही.

ऊन रणरणत होतं. शेडमागे डझनभर माणसं उभी होती. पाऊण तास झाला, तास झाला. ताईने डेपोला फोन लावला. घंटी वाजत राहिली. एक गृहस्थ, हातातली पेटी सांभाळत, तिच्यावर उखडले. "दारात टॅक्सी होत्या. तुम्ही आणलंत आम्हाला इथे!"

"हो ना," दुसरी बाई म्हणाली. "आम्ही काय मागितलं होतं का?"

एक गरोदर मुलगी स्वतःच्या बॅगेवर बसली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ताईने तिला पाणी दिलं, पदराने वारा घातला. राग मस्तकात नुसता फिरत होता. डेपोवर, साहेबावर, त्या कुंड्यांवर. पण सगळ्यात जास्त स्वतःवर, आणि तो कुणावर ओरडून काढता येत नव्हता.

ती उठली आणि पार्किंगमधून तरातरा परत गेली. बारक्या टॅक्सीला टेकून उभा होता.

"बारक्या. बस आली नाही."

"का? चालू आहे ना बस?"

त्याच्या कानफटात वाजवावी असं तिला वाटलं. "चालू आहे. आज आली नाही. माणसं उन्हात उभी आहेत. एक पोरगी गरोदर आहे, तिला भोवळ येतेय."

"तू नेलंस त्यांना."

"हो. मी नेलं."

बारक्या पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिला. ताईच्या बोलण्यात पुढचं वाक्य नेहमीच असायचं. ह्या वेळी ते आलं नाही. त्याने खिशातून किल्ली काढली.

"किती गाड्या लागतील?"

"तीन. आणि मीटरप्रमाणे घ्यायचं. चौघांत वाटून."

"परतीचं कोण देणार?"

"परतीचं? मोठ्या बाजारातून तू कधी रिकामा आला आहेस का रे?"

रांगेतल्या पहिल्या नंबरचा टॅक्सीवाला पुढे आला. "नंबर सोडून कुणी जायचं नाही हं, सांगून ठेवतो."

बारक्या गर्रकन वळला. "नंबर? माणूस मरतंय तिकडे, आणि तू नंबर मोजतोस? चल, तूही काढ गाडी! आणि तू, मागचा, तूही! मीटर टाकून, आणि एक पैसा जास्त घेतलास तर माझ्याशी गाठ आहे!"

"आवाज बहिणीचाच आहे," कुणीतरी पुटपुटलं. पण गाड्या निघाल्या.

गरोदर मुलीला, पेटीवाल्या गृहस्थांना आणि त्या दुसऱ्या बाईंना बारक्याच्या गाडीत मागे बसवलं. ताई पुढे बसली. पहिल्या सिग्नलला तोफ उडाली.

"इंडिकेटर न देता वळलास."

"दिला होता."

"नव्हता दिला."

"तू गाडी चालव मग! लहानपणापासून बघतोय, मी काहीही केलं तरी ते चुकलेलंच. आई गेल्यापासून तू एकदा तरी माझ्याशी शांतपणे बोललीस?"

"शांतपणे बोलले असते तर तू शाळेत गेला असतास? गटारात गोट्या खेळत बसला असतास!"

"जरा हळू बोलाल का?" पेटीवाले गृहस्थ मागून म्हणाले.

"तुम्ही मध्ये पडू नका!" दोघं एकदमच म्हणाली.

मागची मुलगी हसली. तिच्या चेहऱ्यावर रंग परतला होता. मग बारक्या रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "त्या आजोबांसमोर ओरडलीस ना, तेव्हा मला वाटलं मी अजून दुसरीतच आहे."

"खोटं बोललास म्हणून ओरडले."

"माहीत आहे. खोटंच बोललो. पण चारचौघांत नको होतं, ताई."

ताईने खिडकीबाहेर तोंड वळवलं. दुकानं, पाट्या, माणसं मागे पळत होती. ती काहीच बोलली नाही. जे तिला ओळखतात त्यांना विचारा, तिच्याकडून ह्याहून मोठी माफी आजवर कुणाला मिळालेली नाही.

मोठ्या बाजारापाशी सगळे उतरले. पेटीवाल्या गृहस्थांनी आपल्या वाटणीचे पैसे दिले आणि ताईकडे न बघताच गेले. मुलीला न्यायला तिचा भाऊ आला होता.

दुसऱ्या दिवशी ताईने अर्धी रजा टाकली आणि डेपोत गेली. गाडी बिघडली होती, दुसरी नव्हती, आणि फोन उचलणारा जेवायला गेला होता. ती सगळं ऐकून घेऊन बाकावर बसली. फोन उचलणारा माणूस येईपर्यंत उठली नाही. त्याला तिने काय सांगितलं ते बाहेरच्या पानवाल्यानेही ऐकलं. आता बस रद्द झाली की आधी तिच्या लॉन्ड्रीत फोन येतो.

बारक्याचा नंबर पुन्हा जागेवर आला, पण त्यासाठी त्याला रांगेतल्या दोघांशी हातघाईवर यावं लागलं. बसचं कुणी विचारलं की तो आता आंबट तोंड करून सांगतो, "शेडमागे आहे. लांब आहे. ऊनही आहे." कुणी त्याच्या गाडीत बसतं, कुणी चालू लागतं. ताईच्या घरी तो येतो, चहाही पितो, आणि भांडून जातो.

स्टॉप मात्र अजून शेडमागेच आहे. कुंड्यांतली फुलझाडं वाढली. मध्यंतरी कुणीतरी स्टॉपवर पत्र्याचं एक छप्पर टाकून दिलं, चार माणसांपुरतं. ताई त्याबद्दल कुणाचे आभार मानायला गेली नाही. पाऊस आडवा आला की त्याखालची चारही माणसं भिजतात. छप्पर एवढंसंच का, हे विचारायला ती सोमवारी साहेबांकडे जाणार आहे.