लाइट गेली की मागे पडणारं घड्याळ

अन्याय झाला तो पाटणकर बाजाराच्या मागच्या गल्लीत मुलींचं संगणक प्रशिक्षण केंद्र चालवणाऱ्या एका मॅडमवर. झाला बुधवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. केला मी.

वेळ एवढी नेमकी सांगता येते, कारण प्रत्येक तक्रारीखाली ती कोणी आणि केव्हा बंद केली याची नोंद आपोआप पडते. पत्रकं लिहून लिहून माझा हात असा बसलाय की पहिल्या वाक्यात अन्याय सांगायचा आणि दुसऱ्यात तो करणारा पकडायचा. या वेळी शोधायला लांब जावं लागलं नाही.

इंदरगंजात एका झेरॉक्सच्या दुकानावर आमच्या गटाची खोली होती. आम्ही पाच-सहा जण. ज्याचा कोड कुणालाही वाचता येतो, बदलता येतो, असं सॉफ्टवेअर लोकांनी वापरावं म्हणून आम्ही गोरखीच्या जुन्या वाड्याजवळ उभं राहून पत्रकं वाटायचो. पत्रकं माझी. एकात मी ठणकावून लिहिलं होतं: सॉफ्टवेअर बिघडलं तर गप्प बसू नका, तक्रार नोंदवा, ती कोणीतरी वाचेल.

वाचणाऱ्यांपैकी एक मीच होते. संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणारं एक सॉफ्टवेअर आहे. एका लॅपटॉपवर खिडकी उघडायची आणि त्या खिडकीत अख्खं वेगळं यंत्र सुरू करायचं, त्याची मेमरी वेगळी, त्याचं घड्याळ वेगळं. आतलं मोडलं तरी बाहेरचं शाबूत राहतं. मला याचं फार नवल वाटायचं, अजून वाटतं. त्या सॉफ्टवेअरच्या तक्रारी चाळायचं काम मी फुकट करायचे. कोड लिहायचा नाही. फक्त आलेली तक्रार वाचायची, खरी का ते बघायचं, अपुरी असेल तर विचारायचं, आणि योग्य माणसापुढे ठेवायची.

त्याच सुमाराला या सॉफ्टवेअरच्या दोन भागांचं, दोन पॅकेजांचं, एक झालं. आतलं यंत्र चालवणारं पॅकेज प्रोग्रॅमरांच्या एका मंडळाचं, त्याची खिडकी दाखवणारं दुसऱ्या मंडळाचं. दोन्ही मंडळांनी एकत्र यायचं ठरवलं, म्हणून तक्रारींच्या दोन याद्याही एक करायच्या होत्या. ढीग मोठा होता. आम्हा चाळणाऱ्यांना निरोप आला की एकसारख्या तक्रारी एकीखाली जोडा आणि बाकीच्या 'डुप्लिकेट' म्हणून बंद करा.

हे काम मला माझ्यासाठीच बनवलंय असं वाटलं. मोर्चाचा पहिला नियम काय? मागण्या विखरू देऊ नका. पाण्याची बोंब, गटाराची बोंब, रस्त्याची बोंब, सगळ्या एका मथळ्याखाली आणा, खाली सह्या वाढवा, मग साहेब खुर्चीतून उठतो. मी तेच केलं. ज्या ज्या तक्रारीची शेवटची ओळ 'आतलं यंत्र प्रतिसाद देत नाही, बंद करत आहे' अशी होती, ती मी 'मेमरी कमी पडते' या मथळ्याखाली घातली. एकेचाळीस झाल्या. मी खूश. एकेचाळीस सह्यांचं निवेदन कोण नाकारणार?

घरी जेवताना काकांना सांगितलं. काका सरकारी दफ्तरातून निवृत्त, कौतुक सहजासहजी करत नाहीत. ते म्हणाले, संस्थान विलीन झालं तेव्हा माझ्या आजोबांच्या, म्हणजे त्यांच्या वडिलांच्या, खात्याचंही असंच झालं होतं. तीन कचेऱ्यांच्या याद्या एक केल्या आणि सगळ्यांपुढे 'कारकून' असं लिहिलं. आजोबा मोडी वाचायचे, जुने कागद लावायचे. नव्या यादीत ते आणि टपाल बाहेर पाठवणारा एकाच रांगेत. पुढे कित्येक वर्षं नवे साहेब मोडी कागद आला की विचारायचे, हे वाचणारा कोणी उरलाय का, आणि आजोबा पलीकडच्या टेबलावर पाकिटांना तिकिटं लावत बसलेले.

"तुमच्या यादीत कोण तिकिटं लावतंय, बघितलंस?" काकांनी विचारलं.

मी म्हटलं, काका, ते सरकार होतं, हे लोकांचं काम आहे. आणि आमटी वाढून घेतली.

पुढच्या सोमवारी मॅडम इंदरगंजला जिना चढून वर आल्या. चाळिशीच्या, खांद्याला लॅपटॉपची जुनी बॅग, हातात चार घड्या घातलेलं माझंच पत्रक. त्यांनी ते टेबलावर उलगडलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"तुम्ही लिहिलंय ना, कोणी न कोणी वाचेल. तर मग कोणी वाचलं?"

मी संगणकावर त्यांची तक्रार काढली. खाली माझं नाव. मी काही खजील वगैरे झाले नाही. उलट समजावायला लागले, की मॅडम, तुमची तक्रार फेकलेली नाही, मोठ्या तक्रारीत जोडलीय, आता तुमच्यासकट एकेचाळीस जण उभे आहेत, ही ताकद आहे.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बेटा, ते बाकीचे चाळीस जण परेशान आहेत मेमरीसाठी. माझी मेमरी ठीक आहे. माझं मशीन लाइट गेली की अटकतं. मी पहिल्याच ओळीत लिहिलंय."

लिहिलं होतं, साध्या हिंदीत: बिजली जाते ही अंदर वाला कंप्यूटर अटक जाता है। मी थेट खाली जाऊन शेवटची ओळ वाचली होती.

वीज म्हटल्याबरोबर माझं रक्त तापलं, तीही सवयच. आमच्या लष्कर भागात रोजची कपात, एवढा कर घेतात, यावर तर पत्रक काढलंच पाहिजे, असं मी सुरू केलं. मॅडम म्हणाल्या, जरूर काढा, पण शनिवारी मुलींचं प्रॅक्टिकल आहे. बाहेरून परीक्षक येणार. आठ लॅपटॉप, सगळे कुणी कुणी दिलेले जुने, आणि पेपर पूर्ण त्या आतल्या यंत्रातच सोडवायचा. लाइट गेली आणि आतलं अटकलं तर तोपर्यंतचं सगळं जातं. मागच्या सराव परीक्षेत पाच मुलींचं गेलं. त्यांतल्या दोघींच्या घरी शिकणं सोडवायची गोष्ट चाललीच होती, नापासाचं कारण मिळालं की विषय संपला.

त्या गेल्यावर एक गोष्ट डोक्यात टोचत राहिली. लॅपटॉपला बॅटरी असते. लाइट गेली तरी तो चालूच राहतो. मग बाहेरचा चालू असताना आतल्याला लाइट गेल्याचं कळतं कसं?

मंगळवारी सकाळी मी केंद्रात जाऊन बसले. एक खोली, भिंतीशी दोन बाकं, त्यांवर आठ लॅपटॉप, काहींच्या कळांवरची अक्षरं पुसलेली. मॅडमनी मला एक सुरू करून दिला, आत दुसरं यंत्र चालू केलं. मी लाइट जायची वाट बघू लागले. रोज जाते, त्या दिवशी जाईना. अकरा वाजले, बारा वाजले. ज्या कपातीवर मी पत्रकांची रिमं संपवली, तिची मी डोळे लावून वाट बघत होते. मॅडमनी चहा दिला, एक तुकडी शिकवून सोडली, दुसरी बसवली. शेवटी त्या माझ्यापाशी आल्या आणि सॉकेटमधली पिन काढली.

मी विचारलं, हे आधी का नाही केलं?

"मला वाटलं तुम्हाला खरीच लाइट जायला पाहिजे असेल. तुम्ही इतक्या मन लावून बसल्या होत्या," मॅडम म्हणाल्या, आणि मागच्या बाकावरच्या मुली तोंडाला ओढणी लावून हसल्या.

पिन काढली, पडदा थोडा मंद झाला, बाकी सगळं तसंच. मग मला दिसलं. पडद्याच्या कोपऱ्यात बाहेरच्या लॅपटॉपचं घड्याळ होतं आणि खिडकीत आतल्या यंत्राचं. दोन्हींत सेकंद दिसत होते. बाहेरचं नीट पुढे जात होतं. आतलं रेंगाळत होतं, जणू दर सेकंदाला थोडा विचार करून पाऊल टाकत होतं. मी मुलींना भिंतीवरच्या घड्याळावरून मोठ्याने मोजायला सांगितलं. त्या साठपर्यंत आल्या तेव्हा आतलं चाळिशीच्या आसपास होतं. थोड्या वेळाने ते थांबलंच, आणि मागोमाग माझ्या ओळखीची ती शेवटची ओळ आली.

आम्ही पिन परत लावली, यंत्र पुन्हा सुरू केलं, पुन्हा काढली. तेच. दुसऱ्या लॅपटॉपवर, तेच. मग मी माझा नवा लॅपटॉप लावला. पिन काढली, काहीच नाही, दोन्ही घड्याळं हातात हात घालून चाललेली. इतके महिने हा बिघाड कोणाला का दिसला नसेल, ते तिथे कळलं. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांकडे नवी यंत्रं होती, आणि त्यांच्या गावात लाइट जात नव्हती. तो पाहायला दोन्ही गोष्टी एका जागी लागतात, जुनं यंत्र आणि जाणारी वीज. आमच्याकडे त्या मुबलक.

मी मॅडमची तक्रार ढिगातून काढून पुन्हा उघडली आणि घड्याळांचं सगळं लिहून त्या भागाच्या जबाबदार माणसापुढे ठेवली. हे गृहस्थ दूर देशातले, मी त्यांना कधी पाहिलं नाही, त्यांची उत्तरं मात्र कायम तीन ओळींची. गुरुवारी उत्तर आलं. आतलं यंत्र सुरू होताना बाहेरच्या प्रोसेसरचा वेग एकदा मोजून घेतं आणि त्यावरून आपला सेकंद ठरवतं. जुना लॅपटॉप लाइट गेली की बॅटरी वाचवायला प्रोसेसरचा वेग कमी करतो. आतल्याला ते कोणी सांगत नाही, ते जुन्याच मापाने मोजत बसतं आणि फार मागे पडलं की अटकतं. तूर्त बाहेरच्याचा वेग कमी होऊ देऊ नका, पक्का बांधून ठेवा. आणि चौथी ओळ, त्यांच्या मानाने लांबलचक: बाकीच्या चाळीस तक्रारी पुन्हा कोण वाचणार आहे?

शुक्रवारी आम्ही आठही लॅपटॉपांचा वेग बांधला. पिन काढून बघितली, आतली घड्याळं सरळ चालली. पण वेग बांधला की बॅटरी भराभर उतरते, आणि त्या म्हाताऱ्या बॅटऱ्या. मॅडमनी एकेक मोजली. बहुतेक वीस मिनिटांच्या पुढे जाईनात.

शनिवारी साडेअकराला लाइट गेली. मी दाराशी उभी होते, मला आत परवानगी नव्हती. कोणी मान वर केली नाही, टाइप करायचा आवाज चालू राहिला. पंधरा-सोळा मिनिटांनी लाइट आली. सात लॅपटॉप टिकले, आठव्याची बॅटरी त्याआधीच बसली. मॅडम परीक्षकांना घेऊन कोपऱ्यात गेल्या, आतलं यंत्र मागे पडणं आणि बॅटरी संपणं यांतला फरक त्यांना समजावला, आणि त्या मुलीला पहिल्यापासून वेळ मिळवून दिली. ती शिकणं सुटायला आलेल्या दोघींपैकी एक होती. पास झाली.

रविवारपासून मी उरलेल्या चाळीस पहिल्या ओळीपासून वाचायला घेतल्या. मेमरीच्या खरोखरच होत्या निम्म्याहून थोड्या जास्त. बाकीच्यांत एक यंत्र पेन ड्राइव्ह काढला की बंद पडायचं, एक फक्त महिना बदलताना. एकाने लिहिलं होतं की झाकण लावून उघडलं की आतलं यंत्र कालच्या दिवशी असतं. माणसं केवढं बारीक बघतात आणि किती नीट लिहितात, आणि मी त्यांच्या सह्या मोजत होते! एकेकाला मी लिहिलं की तुमची तक्रार मी चुकून बंद केली, ती पुन्हा उघडली आहे, आणि एक प्रश्न विचारला. निम्मे जण उत्तर देत नाहीत. त्यांना राग आला असेल, किंवा ते दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे गेले असतील.

मॅडमच्या बिघाडावर दुरुस्ती तयार आहे, पण ती नव्या पॅकेजात घेतलेली नाही. एकत्र झालेल्या मंडळाचा नियम असा की एकाच जागच्या पाहण्यावरून घड्याळासारख्या गोष्टीला हात लावायचा नाही, दुसऱ्या कुणी वेगळ्या यंत्रावर तेच बघून लिहायला हवं. मी भांडून पाहिलं. मग वाटलं, नियम बरोबर आहे. तोवर केंद्रातल्या आठ बॅटऱ्या लवकर मरत राहणार, आणि पुढची परीक्षा येतेच आहे.

तेव्हा तुमच्याकडे, शाळेत, दुकानात, माळ्यावर एखादा जुना लॅपटॉप असेल तर तो काढा. त्यात आतलं यंत्र सुरू करा, दोन्ही घड्याळं समोर ठेवा, पिन काढा आणि साठपर्यंत मोजा. आतलं मागे पडलं तर लिहा, नाही पडलं तरी लिहा. मॅडमच्या तक्रारीखाली सही करू नका, सह्या नको आहेत. आपली तक्रार वेगळी नोंदवा, यंत्र कोणतं ते सांगा, आणि डोळ्यांनी जे दिसलं ते पहिल्या ओळीत टाका. आजच करा.