दादांनी ऐकलेली गिटार

इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, कानांत जे उरलंय ते वर्षभर टिकलं तर नशीब. देवासला घरी पोचलो. दारात चपला काढताना दादाच म्हणाले, "तुझं ते धडामधुडुम एकदा नीट ऐकव मला. भिंतीपलीकडून नको, समोर बसून ऐकतो."

बारा वर्षं मी गिटार वाजवतेय आणि बारा वर्षं दादा मधलं दार लावून घेत आलेत. पेटीवर पहिले सूर त्यांनीच शिकवलेले, म्हणून ते दार मला फार लागायचं. आता मात्र मी हट्टालाच पेटले. रॉकचा तो जडशीळ आवाज त्यांच्या छातीत घुमला पाहिजे, कान जायच्या आत.

धारला आपल्या मराठी मंडळाचं स्नेहसंमेलन होतं, तिथे नाव दिलं. मंडळाचा ॲम्प एकच, भजनाच्या कीबोर्डसाठी घेतलेला. क्लीन ॲम्प, म्हणजे जे घालाल ते जसंच्या तसं बाहेर. भारदस्तपणा सगळा पेडलांतूनच, म्हणजे गिटार आणि ॲम्पच्या मधे जोडायच्या, आवाज बदलणाऱ्या डब्यांतूनच आणायचा. माझा घरचा ॲम्पही तसलाच गरीब गाय. त्यावर तीन महिने डोकं फोडलं. नुसतं वाजवताना बास आणि ट्रेबल चढवून मिड उतरवला की काय भारी वाटायचं! मोबाइलवर ड्रम लावले की गिटार गायब. शेवटी जमलं. डिस्टॉर्शनच्या, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणाऱ्या पेडलच्या, आधी ओव्हरड्राइव्ह नावाचा एक सौम्य पेडल, त्याचं गेन जवळजवळ शून्य आणि व्हॉल्यूम भरपूर. बास कमी, मिड वर. खिडकीची काच थरथरली आणि मी वेड्यासारखी हसत बसले.

धारच्या हॉलमध्ये दुपारी पेडल मांडले, जोडले, एक सूर छेडून पाहिला. अस्सा गुरगुरला म्हणता! मग खाली उतरले. आमच्यात वाजवण्याआधी समोर बसलेल्या सगळ्या वडीलधाऱ्यांच्या पाया पडायची रीत आहे. एक जरी सुटला तरी वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. दोन रांगा होत्या. प्रत्येकाचा आशीर्वाद, प्रत्येकाची चौकशी.

परत वर आले तर गिटारची वायर थेट ॲम्पमध्ये. पेडल माझ्या पिशवीत भरलेले, त्यांच्या वायरी सुबक गुंडाळलेल्या.

"बेटा, आवाज फट रहा था," माइक सांभाळणारे काका कुजबुजले. भजनी मंडळात त्यांनी उभ्या जन्मात कुणाचा आवाज फाटू दिला नव्हता. "मधले डबे काढून टाकले. अब देखो, एकदम साफ."

थांबा म्हणायला माझी जीभ झडली होती का? पण नाव पुकारून झालं होतं. पुढच्या नाचाची पोरं मुकुट सावरत विंगेत उभी होती. आणि पहिल्या रांगेत दादा, बऱ्या कानामागे हात धरून, माझ्याकडे वाकून बसले होते. मी वाजवलं. तीन महिने घासलेलं ते सगळं टिणटिण, टिणटिण. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. टाळ्या मात्र भरभरून पडल्या.

खाली आले तर दादांचे डोळे भरलेले. "किती साफ वाजवतेस गं! आणि मी मूर्खासारखा दार लावत राहिलो इतकी वर्षं."

पेडल काढले होते, हे सांगितलं नाही. खरा आवाज घरी ऐकवू म्हटलं, उद्या, परवा. पण त्यांचा आनंद पाहिला की पेडल पिशवीतून काढायला हात धजावायचे नाहीत. दिवाळीनंतर ऐकणं गेलंच, वर्षही पुरलं नाही.

परवा ते आपणहून खोलीत आले, समोर स्टूल ओढून बसले. मी सगळे पेडल लावले आणि ॲम्पचा आवाज होता तेवढा वर नेला. शेजारचे भिया, म्हणजे भैया, भिंतीवर थापा मारायला लागले. दादा माझ्या बोटांकडे बघत राहिले, मग ऐकू न येणारा माणूस बोलतो तसं मोठ्याने म्हणाले, "हे तेच ना गं, धारला वाजवलंस ते?"

मी मान हलवून हो म्हटलं.