आरतीचा हात

आयर्लंडमधल्या ओंगारचा हरीश चाळिशीत रॉक बँडमध्ये शिरला तेव्हा आमच्या मराठी मंडळाने त्याला वेड्यात काढलं. दिवसभर ऑफिसात कॉम्प्युटरशी झटापट, संध्याकाळी हे. बरं, बँडही सरळ नाही. कंबोडियाची जुनी पॉप गाणी आणि वरून सायकेडेलिक रॉकची फोडणी. गिटार एकदा सुरू झाली की घरी जाऊन जेवून यावं, तीच चालू असते. गाते बोफा, जन्म कंबोडियाचा, वाढ इथल्याच स्वोर्ड्स गावची. तिच्या आईने लहानपणी रेडिओवर ऐकलेली ही गाणी. ती गाणारे बरेचसे पुढे तिथल्या नरसंहारात मारले गेले. हे कळल्यावर मला थट्टा करवेना. निदान आठवडाभर तरी.

हरीश कीबोर्डवर त्या काळच्या ऑर्गनचा आवाज काढतो. हात तयार झालेला आमच्या गणपतीत. आयर्लंडला आल्यापासून आरतीला पेटी त्याचीच. घोटाळा तिथेच होता. आपली आरती संथ सुरू होते आणि टाळ्यांबरोबर पळत सुटते, शेवटी बाप्पालाही धाप लागावी. बँडच्या पहिल्याच कार्यक्रमात लोकांनी टाळ्या धरल्या आणि हा सुटला. ड्रमवाला डोनल मागे घामाघूम, बोफाचे शब्द तोंडातच.

"पुढच्या वेळी पळालास तर आपलं संपलं," डोनलने शांतपणे सांगितलं.

हरीश खचला. "नोकरी दुसरी मिळेल रे, हे नाही मिळणार," असं मला म्हणाला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. मग टकटक करणारं ॲप कानात घालून तो भांडी घासू लागला, बसची वाट बघू लागला.

"पोळीसुद्धा तालात चावतो. सिरियसली, मी माहेरी जाईन," त्याची बायको वृंदा म्हणाली.

पुढचा कार्यक्रम ब्लँचर्डस्टाउनला होता. वृंदाने प्रेमापोटी अख्खं मंडळ नेलं. व्हायचं तेच झालं. आम्ही टाळ्या धरल्या आणि सवयीने पळालो, मी सगळ्यात पुढे. हरीशने आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दात आवळून त्याने लय धरून ठेवली. आमच्या टाळ्या विस्कटल्या, मग मुकाट त्याच्या चालीवर आल्या. पहिल्या रांगेत बोफाची आई डोळे मिटून सोबत गात होती. मला भरून आलं.

डोनल नंतर म्हणाला, "ग्रँड." आयरिश माणूस याहून जास्त कौतुक करत नाही.

मग भाद्रपद आला. हरीशने पेटी उघडली, आरती संथ सुरू झाली आणि संथच राहिली. आम्ही टाळ्यांनी ढकलून पाहिली, मंडळाचे अध्यक्ष प्रल्हादकाकांनी झांजा आपटल्या. हरीश ढिम्म. निरांजन विझलं, मोदक गार झाले, पोरं "आर वी डन?" विचारू लागली. त्याच आठवड्यात समितीची बैठक झाली. एकमत इतक्या पटकन आमच्यात कधी झालं नव्हतं.

आता पेटी वृंदा वाजवते. हरीश मागे उभा राहून टाळ्या वाजवतो. सावकाश, तालात, एकटाच.