कोर्टात हात जोडताना

मंडळी, दुपारपासून चैन नाही, म्हणून लिहितोय.

माझ्या चुलतभावाच्या पोराला कुणाची तरी मोटारसायकल नेली म्हणून पकडलं होतं. आज जालन्यात बाल न्याय मंडळापुढे तारीख होती. बाहेर बाकावर बसलो असताना माझ्या ऐंशीच्या वडिलांनी त्या चुलतभावाचा दंड धरला. "आत एवढंच म्हण, पोराला घरी नेतो, मी सांभाळतो. जास्तीचं बिलकुल बोलू नको."

मग त्यांनी सांगितलं. सत्तावन्न साल असेल. केदारखेड्यात त्यांच्या थोरल्या भावानं दुकानातून बॅटरी उचलली होती. मिसरूडही फुटलं नव्हतं. कोर्टात साहेबांनी आजोबांना विचारलं, पोरगं तुमचं ऐकतं का?

आजोबांनी, म्हणजे वडिलांच्या आबांनी, हात जोडले. "कुठं ऐकतंय सायेब? तुमच्या पदरात टाकलं. तुमीच मायबाप."

गावात मास्तरांपुढे प्रत्येक बाप असंच बोलायचा. ती नम्रता होती. साहेबांना वाटलं, पोरगं बापाच्या हाताबाहेर गेलंय. त्यांनी त्याला सुधारशाळेत धाडलं.

"दादा मोठा होऊन आल्ता," वडील म्हणाले. "पण आबांशी मरेपर्यंत बोलला न्हाई. आबा सगळ्यांना इचारायचे, मी काय वाईट बोललो?"

आज भाऊ बराबर बोलला. पोरगं घरी आलं.

पण आम्ही निघताना बाकावरची एक माय हात जोडून स्वतःशीच घोकत होती, "सायेब, माझं तर ऐकतच न्हाई, तुमच्याच पदरात..." तेवढ्यात तिचा पुकारा झाला.

वडील काठी टेकत वळेपर्यंत दार लागलं होतं.

त्या दाराबाहेर हे सांगायला कोण बसतं हो?