मिरची लावताना सासूला द्यायच्या शिव्या

संशोधनाकडे कशा वळलात, असं आता विद्यार्थी मला विचारतात. अशा वेळी ज्ञानाची ओढ वगैरे सांगायची पद्धत आहे. खोटं कशाला बोलू? मला एका बाईचं उट्टं काढायचं होतं.

मी खामगावात एम.ए. करत होते. पुण्याहून लोकसंस्कृतीच्या एक मॅडम येणार होत्या, त्यांना वऱ्हाडी नीट कळत नव्हती, म्हणून सरांनी मला सोबत धाडलं. मी त्यांना मलकापूर स्टेशनवरून घेतलं आणि थेट आमच्या वरवट बकालच्या शेतात नेलं. शेतात मोठी माय होती, म्हणजे माझी थोरली काकू. मिरचीची लावण चालली होती. लावणीच्या वेळी काय काय विधी करता, असं मॅडमनी विचारलं. नारळ फोडतो, कुंकू वाहतो, झालं, असं मोठी माय म्हणाली. मॅडमचं समाधान होईना. अजून काही असेलच, आठवा ना. रोपं उन्हात सुकत होती, मजूर बाया खोळंबल्या होत्या. शेवटी मोठी माय गंभीर तोंड करून म्हणाली, "मिरची लावतानी सासूले शिव्या द्या लागते. नाई तं मिरची फिकी निघते."

बायांनी तोंडात पदर कोंबले. तिनं सांगितलं ते मी जसंच्या तसं पुण्याच्या मराठीत केलं. एवढ्या बाया हसताहेत म्हटल्यावर यांना कळेलच, असं मला वाटलं. पण मॅडमचे डोळे रेकॉर्डरवर होते.

लेखात तुझं नाव घालीन, असं जाताना त्या म्हणाल्या होत्या. लेख आला. स्त्रियांच्या दबलेल्या बंडाची प्राचीन प्रथा म्हणून त्यात शिव्यांवर पानंच्या पानं होती. मी त्यात 'स्थानिक मदतनीस' होते आणि मोठी माय 'एक निरक्षर स्त्री'. मोठी माय चौथी पास आहे, रविवारचा पेपर जाहिरातींसकट वाचते. तिला मी ते वाचून दाखवलं नाही. माझ्याच तळपायाची आग मस्तकात गेली होती.

पुढच्या वर्षी पीएच.डी.च्या मुलाखतीला पुण्याला गेले, तर समितीत त्याच बसलेल्या. त्यांनी मला ओळखलंसुद्धा नाही. माझा आराखडा चाळून बाजूला सारला आणि म्हणाल्या, "तुमच्याकडच्या मुलांकडे माहिती असते, दृष्टी नसते." बाकीचे हसले. मला प्रवेश मिळाला नाही. परतीच्या गाडीत मी भुसावळपर्यंत मनातल्या मनात त्यांना शिव्या घातल्या. पुण्याची मराठी मी शिकले आहे, पण राग मला अजून वऱ्हाडीतच येतो.

ठरवलं, हिची प्रथा खोटी पाडायची आणि प्रवेशही हिच्याच नाकावर टिच्चून घ्यायचा. बाबांची स्कूटर घेतली आणि पुढच्या लावणीला गावोगाव हिंडले. अशी प्रथा नसते ना तुमच्याकडे? नाही म्हणत सगळ्या. मी खुशीत. मग एका म्हातारीनं मला खालीवर पाहिलं आणि विचारलं, "तुले हो पाह्यजे का नाई पाह्यजे, ते सांग पह्यले."

थोबाडीत बसल्यागत झालं. मॅडमनी हो वदवून घेतलं, मी नाही वदवून घेत होते. त्या दिवसापासून मी प्रश्न बंद केले. बायांसोबत वाफ्यात उतरायचं, रोपं लावायची, कान उघडे ठेवायचे. माझं संशोधन खरं तिथून सुरू झालं, कोणत्याही कार्यशाळेतून नाही.

आणि चार-सहा गावं सोडून एका शेतात पाहते तर काय, बाया खरंच शिव्या देत होत्या! मॅडमनी या प्रथेवर कुठेतरी दिलेल्या भाषणाचा व्हिडिओ मोबाइलवर फिरत फिरत तिथवर पोचला होता. जुनी पद्धत आहे म्हणे, आम्हीच विसरलो होतो. त्यातली एक हसत हसत सुरू झाली आणि मग हसायची थांबली, पण शिव्या थांबल्या नाहीत. बाकीच्या खाली मान घालून रोपं लावू लागल्या. मी मात्र चडफडत होते. मोठ्या मायची थाप, आणि मॅडममुळे खरी झाली!

घरी येऊन जेवता जेवता सुचलं. ही प्रथा कुठे, कोणाच्या तोंडून जन्मली, हे छातीठोकपणे कोण सांगणार? मीच ना. तोच विषय घेऊन मी पुन्हा मुलाखतीला गेले. मॅडमचा चेहरा उतरत गेला तो मी डोळे भरून पाहिला. आधी ही प्रथा नव्हती याला पुरावा काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "ती सुरू झाली तेव्हा मी तिथंच होते. तुमच्या बाजूला बसून भाषांतर करत होते."

या वेळी कोणी हसलं नाही. प्रवेश मिळाला. पण मार्गदर्शकाची जागा एकट्या मॅडमकडेच शिल्लक होती, आणि त्या चटकन 'मी घेते' म्हणाल्या. विषय दुसऱ्याकडे गेलेला त्यांना परवडला नसता. मी पण कच्च्या गुरूची चेली नव्हते. सगळ्यांसमोर म्हटलं, मॅडमनी एकदा स्वतः शेतावर येऊन बायांना विचारावं, दुभाष्याशिवाय. अध्यक्षांनी मान डोलावली. त्यांना नाही म्हणता येईना.

आल्या. जुलैच्या चिखलात धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसल्या. मी मुद्दाम लांब उभी राहिले. तुटक्या वऱ्हाडीत त्यांनी एका सासूला विचारलं, वांगी लावताना काय करता? ती चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाली, "नवऱ्याले दिवसभर उपाशी ठेवा लागते. नाई तं कीड पडते."

मॅडमनी पेन टेकवलं. मग थांबल्या. मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "खरं आहे का गं हे?"

मला माहीत होतं.

"बाया समोर बसल्या आहेत, मॅडम," मी म्हटलं. "विचारा त्याहिले."